निबंधातली कोरडी विहीर

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. बायकोले नाई, पोराले नाई. आणि जिचं नुकसान केलं तिले — माझ्या नातीले, वैशूले — तर नाईच.

मी आंजी गावचा. शाळा चौथीपर्यंत, पण पाणी पाहण्यात माझं नाव आहे. तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरात फिरायचं, जिथं तो उभा राह्यला तिथं खोदायचं. सेलूचे लोक मले न्यायले येतात. पैसा कधी घेतला नाई, फक्त तो नारळ घरी आणतो.

चुकली ती माझीच विहीर. नारळ ताठ उभा झाला आणि खाली निघाला काळा दगड. गावाले सांगितलं, शेजाऱ्याच्या बोअरनं पाणी ओढलं. ओढायले माझ्या विहिरीत पाणी होतं कधी? पण हे घरच्यांना माहीतच होतं. सांगायचं ते पुढं आहे.

वैशू बारावीले होती. तिले पुण्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. अर्जासोबत निबंध लागे — हाच विषय काऊन पाहिजे? तिनं मले वाचून दाखवला. त्यात माझी विहीर! 'आबांचा नारळ उभा राहिला, तरी पाणी लागलं नाही. असं का, हे आबांनी कधी विचारलं नाही. मला ते विचारायचं आहे.'

मी तापलो. "काढ ते! पुण्याच्या लोकाईले कायले सांगून राह्यली? माह्या नारळानं किती विहिरी भरल्या, ते लिही."

"मंग नारळच शिकाव लागन न जी आबा, दगड कायले?" ती हसली. म्हणे, निबंध शाळेतल्या सरांजवळ वाचायले दिला आहे, ते सांगतील तसं करीन.

बाजाराच्या दिवशी तिचे सर मले सेलूले भेटले. "आबाजी, वैशूचा फोन लागून नाई राह्यला. तिले सांगजा, बाकीचं कमी कर, पण विहीर तशीच ठेवजो. त्या निबंधाचा जीव तिथंच आहे."

घरी आलो. वैशू दारातच उभी. "सर भेटले का जी? काय म्हणे?"

आणि मी म्हटलं — "विहीर काढ म्हणे."

मग तिनं विहीर काढली, तिथं माझ्या नारळाचं कौतुक लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा मले गोड वाटलं. हेही कबूल.

कॉलेजनं तिले घेतलं नाई. विहीर असती तर घेतलं असतं? कोण जाणे. पण वैशूनं ठरवून टाकलं, सरांनी आपला निबंध मारला. त्यांचे फोन उचलले नाई. आज ती वर्धेले कापडाच्या दुकानात हिशेब पाहते. सरांचं नाव निघालं की तोंड फिरवते. मी ऐकतो, सुपारी कातरत बसतो.

मागच्या उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नात सर आले. वैशूले पाहून आनंदानं पुढं झाले. ती मांडवातून उठून गेली. सर माझ्याजवळ येऊन बसले. "आबाजी, पोरगी माह्यावर काऊन रागावली असन?"

"मले काय माहीत," म्हटलं मी. आणि पंगतीत जाऊन बसलो.

माहीत होतं. विहीर मी काढायले लावली, सरांनी नाई.