उतारावर बंद केलेली गाडी

"ब्रेक फेल झाला," असं आमचे हे अजूनही येईल त्या पाहुण्याला सांगतात आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ब्रेकला काही धाड भरलेली नव्हती. ब्रेकचं बळ यांनीच आपल्या हाताने काढून घेतलं होतं.

आमच्या रत्नागिरीकडे ही एक मर्दुमकीच आहे. सड्यावरून, म्हणजे वरच्या पठारावरून, खाडीकडे उतरायचं म्हटलं की माथ्यावरच इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि खालपर्यंत घरंगळत न्यायची. कोण कुठे इंजिन बंद करतो नि थेंबभर पेट्रोल न जाळता कुठवर पोचतो, याच्या बढाया मी लग्नाच्या पंगतीत ऐकल्यायत. यांची जुनी गाडी होती तोवर ते खपलं. तिचं स्टिअरिंग मुळातच जड, ब्रेकही सगळा पायाच्या जोरावर. तिला इंजिन चालू काय नि बंद काय! नवी गाडी आणली तेव्हा शोरूमच्या माणसाने बजावून सांगितलं होतं, "काका, हिचं पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक इंजिनच्या जिवावर चालतात. उतारावर इंजिन बंद करू नका, गाडी गिअरमध्येच ठेवा." यावर हे म्हणाले, "मी तीस वर्षं गाडी चालवतोय." झालं! पुढे बोलायची सोयच नाही.

मीसुद्धा पन्नाशीत गाडी शिकले, रोज शाळेत गाडी घेऊन जाते. पण हे बरोबर असले की मी डावीकडे बसायचं, हे ठरलेलं.

लेकीला सातवा महिना होता. माझ्या बहिणीने हेदवीला तिचं डोहाळजेवण ठरवलं होतं, म्हणून आम्ही जयगडच्या फेरीबोटीने निघालो. लेक मागच्या सीटवर, पाठीला उशी लावून. जेटीकडचा उतार लागला आणि यांनी इंजिन बंद केलं.

"अहो, आज तरी नको. पोर मागे आहे."

"गप गो, काही होत नाही."

पहिल्या वळणापर्यंत खरंच काही झालं नाही. जुन्या सवयीने हे ब्रेक दाबत होते, सोडत होते, परत दाबत होते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं झालं. स्टिअरिंग वळेना. खाली रस्ता संपतो तिथे फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग, माणसं, बायका, आणि त्यांच्यापुढे खाडीचं पाणी.

"अहो, गिअर टाका!" मी ओरडले. हे नुसते स्टिअरिंगला लोंबकळलेले. मग मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढायला लागले, एकदम नाही, थोडा थोडा. गाडी डावीकडच्या चिऱ्यांच्या गडग्याच्या भिंतीला घासत गेली, आरसा तुटून पडला आणि एकदाची थांबली.

मागे वळून बघायची माझी छाती होईना. "बाळ हलतंय ना गो?" मी पुढे बघतच विचारलं. आतल्या आरशात लेक दिसली, पोटावर दोन्ही हात ठेवून बसलेली. किती वेळ गेला देव जाणे. मग म्हणाली, "हललं." मी ढसाढसा रडले.

तोवर माणसं जमली. आणि आमचे हे खाली उतरून काय सांगतायत? "ब्रेक फेल! हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे." माना डोलल्या. एकजण "देव तारी त्याला कोण मारी" म्हणाला. वर यांनी मलाच ऐकवलं, "तू हँडब्रेक ओढलास म्हणून गडग्याला घासली!" नाचता येईना, अंगण वाकडं! रांगेतला एक गॅरेजवाला पुढे आला, इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून पाहिला. पेडल मऊ. गाडी हातभर पुढे घेऊन पुन्हा दाबला. जागच्या जागी थांबली. "काका, इंजिन बंद करून उतरलात ना? असं झालं तर ब्रेक एकदाच दाबायचा आणि दाबून धरायचा, पंप नाही मारायचा." हे तुटलेला आरसा उचलायला गेले.

राग यांचा आलाच, पण त्याहून माझा मला आला. इतकी वर्षं शेजारी बसून मी हे बघत होते आणि चारचौघांत यांचा अपमान नको म्हणून मूग गिळून होते. मेला कसला तो मान!

"चला, बोट सुटेल," म्हणत हे पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसले. लेक रस्त्यावरच उभी.

"बाबा, गाडी आई चालवेल."

"म्हणजे? माझ्यावर भरवसा नाही?"

"नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखी मध्ये पडेन, 'जाऊ दे गो, बस' म्हणेन, असंच त्यांना वाटलं असणार. मी जाऊन त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हटलं, "उतरा."