आवाज नॉर्मल

पाणी पिताना ती हनुवटी छातीला टेकवते. मान डावीकडे वळवते, मग घोट गिळते. बोलायचं असेल तर आधी पंखा बंद करते. फोन वाजला की उचलून नवऱ्याच्या हातात देते. अंगठ्यानं एकेका बोटाचं टोक दाबून बघते, मुंग्या आहेत की गेल्या. अंगणवाडीत मुलांना बोलावायला ताटलीवर चमचा वाजवते. आणि कुणी "ठीक आहे ना ताई?" असं विचारलं, तर मान हलवत नाही. नुसती बघत राहते.

या शेवटच्या सवयीचं कारण मला उशिरा कळलं.

संध्याताई अमरावतीत आमच्या वस्तीतली अंगणवाडी सेविका. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, तरी मैत्रीण. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. अकरा वर्षं ते तिनंच केलं. कुणी माईक आणला तर म्हणायची, "ठेव तो बाजूले. माह्या आवाजानं मागची केशरबाई झोपेतून उठते." मी मराठीत एम.ए. केलं, पण वाक्यात कुठं थांबायचं ते तिचं वाचन ऐकून समजलं.

दोन वर्षांपूर्वी थायरॉईडच्या गाठीसाठी शहरातल्याच एका खासगी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

आवाज आठ दिवसांत सुटेल, असं वॉर्डातली नर्स म्हणाली. मग कुणी तीन महिने म्हणालं. मग सहा. पाणी ठसकत होतं, बोटांना मुंग्या होत्या, आवाज फाटलेला. एका डॉक्टरनं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. प्रत्येकानं आधी दवाखान्यातून सुट्टी देताना दिलेलं कार्ड बघितलं. त्यावर लिहिलं होतं, 'आवाज नॉर्मल'. मग प्रत्येकानं तेच विचारलं, "म्हणजे हे नंतर सुरू झालं. टेन्शन घेता का?" एकानं झोपेच्या गोळ्या दिल्या. घशात कुणीच डोकावलं नाही. समोर बसलेल्या बाईपेक्षा त्यांचा कार्डावर जास्त विश्वास होता.

"नवरा खूश आहे माहा," ती म्हणायची. "बावीस वर्षांत पयल्यांदा त्याचं बोलणं पुरं होऊन राहिलं."

मला हसू यायचं नाही.

गेल्या महिन्यात मी तिला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड बाजूला ठेवलं आणि नाकातून दुर्बीण घातली. पडद्यावर दोन स्वरतंतू दिसले. उजवा हलत होता. डावा नुसता पडून होता.

"याची नस दुखावली आहे," बाई म्हणाल्या. "हे ऑपरेशननंतर लगेच बघायला हवं होतं. नस ताणली गेली की कापली गेली, ते ऑपरेशनच्या नोंदीवरून कळू शकेल. ती मागा. हक्क आहे तुमचा. पुढचे उपचार ठरवायलाही उपयोगी पडेल."

"म्हंजे मी सोंग नोती करून राहिली," संध्याताई म्हणाली. पडद्याकडेच बघत.

परतीच्या गाडीत मी चिडून विचारलं, कार्डावर नॉर्मल लिहिलंच कसं?  मूर्तिजापूर गेल्यावर ती बोलली.

"सुट्टी द्याच्या दिवशी डॉक्टर दारातूनच म्हणाले, ठीक आहे ना ताई? मी मान हालवली."

"का पण?"

"काऊन म्हंजे? डॉक्टरनं इचारलं तर सारेच हालवतात. तू नाई हालवत?"

हलवते. माझी आईही हलवते. मोठा माणूस पाच मिनिटं काढून आला, त्याला तक्रार कशी सांगायची? पण ही आमची रीत त्या डॉक्टरला माहीत नव्हती? रोज शंभर माना बघतो तो. बोलता न येणाऱ्या बाईनं मान हलवली आणि त्यानं आवाज नॉर्मल लिहिला. तिला एक शब्द उच्चारायला सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात गेलो. काउंटरला जाड काच, काचेला बोटभर भोक. संध्याताईनं नोंद मागितली.

"जरा जोरात बोला," आतला माणूस म्हणाला.

तिनं पुन्हा मागितली.

"ऐकू येत नाही बाई."

मी मागितली.

"तुम्ही पेशंट आहात का? पेशंटनं सांगायला पाहिजे."

तिसऱ्यांदा बोलताना तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती खोकली. तो माणूस थांबला आणि म्हणाला, "लेखी अर्ज द्या."

त्याच संध्याकाळी ती अर्ज लिहायला बसली. वस्तीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज तिच्याच हातचे. रेशनकार्डाचा असो की पेन्शनचा, दहा मिनिटांत हातावेगळा. हा मात्र आज तीन आठवडे झाले तरी झाला नाही. मी म्हटलं, दे, मी पुरा करते.

"नको. तू त्याले सुंदर करशील."

कागद अंगणवाडीच्या हजेरीपटात आहे. नाव, पत्ता, ऑपरेशनची तारीख, सगळं नीट लिहिलंय. शेवटची ओळ अशी आहे: 'डॉक्टरांनी मला ठीक आहे ना असे विचारले. तेव्हा मला बोलता येत नव्हते, तरी मी मान हलवली, कारण'

त्यापुढे कोरं आहे.