एका पोस्टकार्डाच्या अटीवर

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोपासून चालत दहा मिनिटांवर एक वाचनालय होतं. तिथे मी दोन वर्षं नोकरी केली. नव्वदीचं दशक संपत आलेलं. मी बी.कॉम. झालेले, कल्याणला घराजवळच्या क्लासमध्ये सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स केलेला. एवढ्या भांडवलावर मला घेतलं, कारण एका कंपनीने आपले दोन जुने संगणक वाचनालयाला देऊन टाकले होते आणि त्यांचं काय करायचं हे कार्यकारिणीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

ग्रंथपाल बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. पुस्तकाचं नाव सांगितलं की कपाट, खण आणि मुखपृष्ठाचा रंग सांगायच्या. मला म्हणाल्या, "माझ्या डोक्यात आहे ते सगळं त्या पेटीत उतरव. मी काही कायमची पुरणार नाही."

पण उतरवायचं कशात? तसला प्रोग्राम विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा संगणकाच्या मासिकांबरोबर चकचकीत सीडी फुकट मिळायची. माझ्या धाकट्या भावाने तसला एक अंक आणून दिला. एका सीडीवर शंभरेक प्रोग्राम! घड्याळं, पत्त्यांचे डाव, कॅलेंडरं, पडद्यावर पोहणारे मासे. आमच्या घरात फुकट म्हणून काही आलेलं मला आठवत नव्हतं, आणि इथे माझ्यापुढे ताट वाढून ठेवलेलं. मी एकेक करून पस्तीस-चाळीस प्रोग्राम टाकले असतील. त्यातलाच एक वाचनालयांसाठी होता. दिसायला देखणा. इंग्रजीत काहीबाही लिहून यायचं, मी न वाचता 'पुढे, पुढे' करत गेले.

मग दर पुस्तकामागे एक अशा नोंदींच्या कार्डांचे खण समोर घेऊन बसले. मराठी अक्षरं त्यात उमटत नव्हती, म्हणून नावं रोमन लिपीत लिहायची. रोज चाळीस-पन्नास कार्डं. बाई येता-जाता बघायच्या, पण मध्ये बोलायच्या नाहीत. अकराशेच्या आसपास पुस्तकं झाली आणि एका सकाळी प्रोग्राम उघडला तर एक चौकोन आला. तीस दिवस संपले, आता विकत घ्या. किंमत डॉलरमध्ये होती. मी संगणकाची तारीख मागे नेऊन बघितली. चौकोन जाईना.

बाईंना सांगायचं धाडस झालं नाही. क्लासमधला एक मित्र डोंबिवलीला संगणक जोडून देणाऱ्या दुकानात होता. त्याला फोन केला.

"टेन्शन नको घेऊ यार," तो म्हणाला. "त्याचा क्रॅक आहे आपल्याकडे. फ्लॉपीत टाकून देतो. डुप्लिकेट चावी समज."

"काही होणार नाही ना रे?"

"अगं, सगळे वापरतात."

दुसऱ्या दिवशी ती फ्लॉपी घातली. प्रोग्राम उघडला, चौकोन गेला. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन वडापाव खाऊन आले. वर आले तेव्हा संगणक अडखळत होता. बंद करून चालू केला, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ, आणि तिच्यापुढे काही नाही. संध्याकाळी दुरुस्तीवाला आला. व्हायरस आहे म्हणाला, आतलं सगळं पुसावं लागेल.

"कॉपी घेतली असेलच ना तुम्ही?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं.

वीज गेली म्हणून सगळं पुसलं गेलं असं बाईंना सांगावं, हे माझ्या मनात येऊन गेलं. त्यांना काही कळलं नसतं. पण त्या समोर चष्मा पुसत उभ्या राहिल्या, आणि मी सगळं सांगून टाकलं. तीस दिवस, मित्र, फ्लॉपी, सगळं. सांगताना रडू आलं, त्याची लाज वाटली.

बाई खुर्ची ओढून बसल्या. "कार्डं जागेवर आहेत ना? मग पुस्तकं कुठे गेलेली नाहीत. डोळे पूस. आता मला सांग, तीस दिवसांचं कुठे लिहिलेलं होतं?"

"होतं, बाई. मी वाचलं नाही."

"आणि ज्याने तो प्रोग्राम लिहिला, त्याचं म्हणणं काय होतं? वापरून बघा, आवडला तर विकत घ्या. बरोबर? त्याने विश्वासाने दार उघडं ठेवलं आणि आपण खोटी किल्ली करून आत शिरलो."

त्या 'आपण' म्हणाल्या. त्यांनी 'तू' म्हटलं असतं तर मी मनातल्या मनात भांडले तरी असते.

मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक लोखंडी पेटी होती. कोणी घर रिकामं करताना, कोणी वडील गेल्यावर वाचनालयाला पुस्तकं द्यायचं. ती थेट कपाटात जात नसत. कडुनिंबाचा पाला घालून पंधरा दिवस पेटीत, मग बाई एकेक पान झटकून कसरीचे किडे आहेत का बघणार, मगच शिक्का.

"देणारा चांगलाच असतो गं," त्या म्हणाल्या. "पण कसर त्याला विचारून येत नाही. एक कसर लागलेलं पुस्तक माझं अख्खं कपाट खाईल. दुसरा संगणक रिकामाच आहे ना? जे फुकट येईल ते आधी त्याच्यावर."

दुसरा संगणक फार संथ होता, म्हणून मी त्याला हातही लावला नव्हता. आता तो मागच्या खोलीत, पेटीशेजारी मांडला. बाईंनी कार्यकारिणीकडे भांडून व्हायरस शोधणारा प्रोग्राम विकत घ्यायला लावला. आधी तो चालवायचा. मग प्रत्येक प्रोग्रामबरोबर येणारी माहितीची फाइल छापून काढायची आणि बाईंसमोर वाचायची. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा पक्कं होतं. त्या प्रस्तावना वाचावी तशी ती पानं वाचायच्या, पेन्सिलने खुणा करत. "हा ईमेल मागतोय, कशाला?" "हा फक्त पन्नास नोंदी करू देतो, पुढे पैसे." "ह्याने नावच लिहिलेलं नाही. ज्याला आपलं नाव लिहावंसं वाटत नाही, त्याचं आपण कशाला घ्यायचं?" त्या महिन्याभरात सीडीवरचं बहुतेक सगळं बाद झालं. मासेसुद्धा.

एकाच्या पानावर मात्र त्या थांबल्या. नॉर्वेतल्या एका माणसाने लिहिलेला प्रोग्राम होता. दिसायला अगदी साधा. पानावर लिहिलं होतं, की हा फुकट आहे, मुदत नाही, हवा त्याला द्या. उपयोगी पडला तर एवढंच करा, मला तुमच्या गावाचं एक पोस्टकार्ड पाठवा. खाली नाव आणि पत्ता.

"एवढंच?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटून मागे बघितलं.

माझा विश्वास बसत नव्हता. एकदा पोळलेले मी. वीस पुस्तकं घातली, मुद्दाम लांबलचक नावांची. मधेच प्लग ओढला, नोंदी राहतात का बघितलं. त्यांची फ्लॉपीवर कॉपी घेतली, ती पुन्हा नीट उघडते का बघितलं. शेवटी संगणकाची तारीख एक वर्ष पुढे नेली. चौकोन नाही, काही नाही. वीसच्या वीस पुस्तकं समोर उभी. मी तारीख दहा वर्षं पुढे नेली. तरी तसंच.

पुन्हा पहिल्या कार्डापासून सुरुवात केली. ह्या वेळी बाईंनी रोमन अक्षरांचे नियम ठरवून दिले, 'श्री' कसं लिहायचं, 'ज्ञ' कसं लिहायचं, आणि ते भिंतीवर चिकटवले. दर शनिवारी दोन फ्लॉप्यांवर कॉपी. एक कपाटात, एक बाईंच्या पर्समधून त्यांच्या घरी.

दोन हजार पुस्तकं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता कार्ड पाठवायला हरकत नाही."

पण ठाण्याच्या चित्राचं पोस्टकार्ड कुठेच मिळेना. दुकानांत अजिंठा होता, ताजमहाल होता, गेटवे होता. मी गेटवेचं आणलं. बाईंनी परत पाठवलं. "तुमच्या गावाचं असं लिहिलंय त्याने. आपण तिथे राहतो का?"

आमच्या एका सभासदाचा टेंभी नाक्याजवळ फोटो स्टुडिओ होता. त्याने येऊन वाचनालयाचा फोटो काढला. नेहमीची दुपार, पेपर वाचणारे चार आजोबा, त्यांतले एक चेंदणीच्या कोळीवाड्यातले, मासळीबाजार उरकला की येणारे. फोटो काढतायत म्हटल्यावर त्यांनी टोपी नीट केली. पोस्टकार्ड साइजचा छापून घेतला, आणि मागच्या बाजूला बाईंनी वरती मराठीत आभाराच्या दोन ओळी लिहिल्या.

"त्याला कुठे वाचता येणार, बाई?"

"त्याला दिसेल तरी, कोणत्या अक्षरांची पुस्तकं त्याच्या प्रोग्रामात बसली ते."

इंग्रजी मी लिहिलं. मी आयुष्यात परदेशी पाठवलेलं ते पहिलं पत्र.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. तेही पोस्टकार्डच होतं, बर्फातल्या एका लाल घराचं. त्याने लिहिलं होतं, की प्रोग्राम त्याने आपल्या गाण्यांच्या तबकड्यांची यादी ठेवायला केला होता, त्याचं वाचनालय होईल असं डोक्यातही नव्हतं. फोटोतल्या माणसांना नमस्कार सांगा. आणि ती वरची अक्षरं सुंदर आहेत, त्यांचा अर्थ काय? आम्ही अर्थ लिहून पाठवला. तिथे तो पत्रव्यवहार संपला.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेआधी बाईंनी कार्यकारिणीला सुचवलं, की दाराजवळच्या देणगीदारांच्या फलकावर ह्या माणसाचं नाव लिहावं. चिटणीस हसले. फलकावर नाव यायला देणगीची रक्कम ठरलेली होती, आणि ह्याने तर रुपयाही दिला नव्हता. बाईंनी वाद घातला नाही. वार्षिक अहवालातली पुस्तकं भेट देणाऱ्यांची यादी मात्र त्यांच्या अखत्यारीत होती. ती छापून आली तेव्हा तिच्यात एक ओळ जास्त होती. त्या माणसाचं नाव देवनागरीत, त्यापुढे 'संगणक प्रणाली, एक'. छापखान्याने नावाचा पार विचका केलेला.

सभेच्या दिवशी ते कोळीवाड्यातले आजोबा अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये कोन गं पोरी? नवीन सभासद हाय का?"

मी त्यांना नॉर्वे, प्रोग्राम, पोस्टकार्ड असं सगळं सांगत बसले.

"आमचा फोटू त्याच्याकडं हाय?"

"हो."

"बरा आला व्हता का?"

"छान आलेला, आजोबा."

ते अहवालाची घडी घालून खिशात ठेवत मागच्या रांगेत जाऊन बसले. बाई माइकवरून वर्षाचा आढावा वाचायला उभ्या राहिल्या होत्या.