उलटी बाटली

येरमाळ्याच्या हॉटेलात तो पाण्याच्या बाटलीचं झाकण लावतो, ती उलटी धरतो आणि बघत राहतो. लोक हसतात. "काय इंजिनिअर, गळती का?"

"थांबा की जरा," तो म्हणतो.

तो आखातात तेलविहिरींवर कामाला आहे. वर दुरुस्ती चालते तेव्हा विहिरीत खोल तात्पुरतं बूच बसवून खालचा वायू अडवायचा, हे त्याचं काम. बुचानं दाब धरला नाही, तर दाबमापकाचा काटा उतरतो; वायू वर आला तर वरची माणसं जातात.

परवा सुट्टीवर असताना, इथं आमच्यात बसलेला असतानाच, ठेकेदाराचा फोन आला. हा ठेकेदार इथल्या शेजारच्या वाशीचा, आपलाच. "बूच तूच बसवलंस. चाचणी पास झाली एवढं कंपनीला कळव."

"काटा उतरत व्हता, आबा. म्या न्हाय कळवणार."

"मग परत येऊ नको!"

त्यानं लगेच विहिरीवरच्या सोबत्यांना फोन लावला. "बूच धरंना गेलंय. ते बदलल्याबिगर कुणी कामाला हात लावू नका."

"तुमची नोकरी गेली," मी संतापून म्हणालो.

"तिथली माणसं जित्ती हायेत न्हवं," म्हणत त्यानं चहा उचलला.

हॉटेलासमोर यात्रेच्या फलकावर दानशूर म्हणून तोच ठेकेदार हात जोडून हसतोय. तो फलक आम्ही अजून उतरवलेला नाही.