भाजलेल्या गव्हाचा घट

यंदाच्या नवरात्रात मी देवीच्या घटात भाजलेले गहू पेरले.

मुद्दाम पेरले नाहीत, हे वेगळं सांगायला नको. आईनं सातूसाठी गहू भिजवून, वाळवून, खमंग भाजून एका डब्यात ठेवले होते आणि पेरायचे गहू शेजारच्या डब्यात. दोन्ही डबे सारखे. झाकण उघडल्याबरोबर छान वास आला, तरी मला शंका आली नाही. उलट मनात म्हटलं, घरचा गहू तो घरचा गहू, नागपूरला असा वास कुठला! मोठ्या भक्तिभावानं ते गहू मातीत पसरले, वरून माती भुरभुरली, पाणी शिंपडलं आणि डोळे मिटून हात जोडले. इतकी तल्लीन होऊन पूजा मी आयुष्यात पहिल्यांदाच केली, आणि तीही देवीपुढं सातू पेरून.

आमचं गाव लाखनीपासून जरा आत. धानाची, म्हणजे भाताची शेती आणि हायवेवर दादाचं दुकान. घरात घट बसवायचा मान वहिनीचा. घटाभोवतीच्या मातीत जे कोंब येतात त्यांना आमच्याकडे जवारा म्हणतात. वहिनीच्या हातचा जवारा असा दाट यायचा की शेजारच्या बाया मुद्दाम बघायला येत. जवारा हिरवागार आला की घराचं भलं, पिवळा पडला की काहीतरी अशुभ, असं सगळेच मानतात. पण यंदा वहिनी खाटेवर होती. आठवा महिना, रक्तदाब चढलेला. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं ते न्हाणीपुरतं, आणि मनाला कसलाही घोर लावून घ्यायचा नाही. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. त्या वर्षी जवारा पिवळा पडला होता. हे घरात कुणी बोलत नसे, पण विसरलंही कुणी नव्हतं.

म्हणून यंदा घट माझ्याकडे आला. नागपूरची नोकरी सोडून मी उन्हाळ्यापासून घरीच होते. तोवर देवाशी माझं येणं-जाणं परीक्षेपुरतं. निकाल लागला की मी माझ्या वाटेनं आणि तो त्याच्या. नागपूरला राहायला लागल्यावर मला त्याचीही गरज उरली नाही, कारण मी मोबाइलवर व्यक्तिमत्त्व विकासाची भाषणं ऐकायला लागले होते. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून, ‘माझं आयुष्य माझ्या हातात आहे,’ असं मोठ्यानं म्हणायचं, हा माझा नेम. खोलीतली मैत्रीण पांघरुणातून म्हणायची, ‘आधी बकेट हातात घे, नळ जाईल.’ घरी आल्यावरही माझा हा नेम सुरूच होता. घट बसवला त्या दिवशीसुद्धा मी ते वाक्य म्हणूनच देवघरात गेले होते.

दुसऱ्या माळेला कोंब दिसला नाही. तिसऱ्या माळेलाही नाही. मी पाणी वाढवलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

“सातूचा डब्बा अर्धा कायनं झाला व? तू फस्त केले का गहू?”

“मी कशाला खाऊ? मी तर शेजारच्या डब्यातले...” म्हणता म्हणता माझी जीभ थांबली.

आईनं शेजारचा डबा उघडला. पेरायचे गहू काठोकाठ भरलेले. तिनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिथंच पाटावर बसली.

“देवीले सातू पेरला काय व तुनं!”

मला हसू यायला लागलं होतं, पण आईचा चेहरा पाहून ते गिळलं. ती भ्यालेली होती. मी हळूच म्हटलं, “नवीन गहू पेरते ना, आत्ताच्या आत्ता.” ती म्हणाली, “बसला घट उकरत नाही कोणी. अन् वहिनीपाशी एक शब्द काढला तं पाय.”

वहिनीची खोली देवघराला लागूनच. तिला खाटेवरून समईचा उजेड भिंतीवर हलताना दिसायचा, घट मात्र दिसायचा नाही. रोज ती पडल्या पडल्या विचारायची, “निघाला काय व कोंब?” पहिल्यांदा मी ‘हो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी ‘बोटभर आला’ म्हटलं. मग त्याला रोज वाढवणं भाग पडलं. माझा जवारा मातीत नव्हताच, तो फक्त माझ्या बोलण्यात वाढत होता आणि तिथं त्याची वाढ फारच जोमदार होती. संध्याकाळी आरतीला बाया येत, म्हणून मी मातीवर झेंडूचे थर रचायला लागले. एक मावशी म्हणालीच, “मायबाई, घट हाय का फुलाचं दुकान?” आई मोठ्यानं आरती सुरू करायची. आम्ही दोघी इतक्या जोरात आरती म्हणू लागलो होतो की दादाला वाटलं, यंदा घरात भक्ती वाढली.

वहिनी मात्र माझं ‘हो’ ऐकून डोळे मिटायची आणि पोटावरून हात फिरवायची. तो हात पाहिला की मला तिथं उभं राहवत नसे. खरं सांगितलं तर रक्तदाब चढणार. नाही सांगितलं आणि दसऱ्याला जवारा तळ्यात शिरवायला बाहेर काढला, तर सगळ्या गावासमोर तिला कळणार. मोबाइलवरच्या एकाही भाषणात यावर उपाय नव्हता.

शेवटी मी एक बेत केला. चांगले गहू ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं आणि न उकरता एकेक मोड बोटानं मातीत खोचायचा. मोड छान आले. सहाव्या माळेच्या पहाटे मी ते ओंजळीत घेऊन देवीसमोर बसले. समई शांत जळत होती. बाहेर कुणाच्या तरी अंगणात सडा पडत होता. मी पहिला मोड चिमटीत धरला आणि माझा हात पुढं होईना. भीती वाटली असं नाही. फक्त एकदम लख्ख दिसलं की मी आता देवीलाच फसवायला बसले आहे, आणि तेसुद्धा तिच्या समोर, तिच्याच समईच्या उजेडात. आधी वहिनी, मग बाया, आणि आता ही. मला स्वतःचीच इतकी कीव आली की मी बसल्या जागी रडायला लागले.

त्या वेळी मी जे बोलले ते प्रार्थनेसारखं मुळीच नव्हतं. देवीला म्हटलं, आई, मला काही येत नाही. घट बसवता येत नाही, खरं बोलता येत नाही, खोटंसुद्धा धड निभावता येत नाही. कोंब आण असं म्हणायला मला तोंड नाही. भाजलेल्या गव्हातून तू तरी काय आणशील? वहिनीला आणि तिच्या बाळाला सांभाळ. माझ्याच्यानं ते होत नाही. एवढंच. परीक्षेच्या वेळी मी देवाला नारळ कबूल करायचे, उपास कबूल करायचे. त्या पहाटे कबूल करायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. रिकाम्या हातानं मागण्याची माझी ती पहिलीच वेळ. मागून झाल्यावर मन कसं हलकं झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मोड आणलेले गहू मी अंगणात चिमण्यांना टाकले आणि सरळ वहिनीच्या खोलीत गेले.

ती जागीच होती. मी खाटेशी खाली बसले आणि म्हटलं, “वहिनी, जवारा उगवला नाही. एकही कोंब नाही. मी भाजलेले गहू पेरले.”

तिनं उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “मले मालूम हाय.”

“आईनं सांगितलं?”

“त्या कायले सांगतीन! तू लोणच्याच्या फोडीचाई फोटो काढते. घट उगवला असता तं फोन घेऊन माह्या उरावर बसली असती तू. एकई फोटो नाही आणला, तवाच समजलं मले.” मग मान उचलून, “पण भाजलेले गहू? हे नवतं माहीत.”

आणि ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, अंग हलेल इतकी. मी घाबरून म्हटलं, “वहिनी, हसू नको, बीपी वाढेल.” त्यावर ती अजूनच हसली.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, “तुला भ्या नाही वाटलं?”

“वाटलं न. समजलं त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून लय रडली मी. मागच्या खेपेचं आठवलं. मंग पडल्या पडल्या वाटलं, देवी का गव्हात बसली हाय? लेकरू तिनं देल्लं, तिच्याच हवाली हाय. आता वरून तिनं मले कोंब बी दाखवावं, हे कायचं भांडण लावून राहिली मी?” तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “पाणी देऊन राहिली न रोज?”

“हो.”

“मंग देत राय. उगवणं तुह्याकडं नाही बाई. पाणी देणं हाय.”

इतके दिवस मला वाटत होतं, मी वहिनीला जपते आहे. खाटेवर पडून तीच मला जपत होती. माझं खोटं पकडलं गेलं हे मला कळू नये म्हणून, सगळं माहीत असूनही ती मला रोज विचारत होती. श्रद्धा म्हणजे भोळेपणा, असं मी बरीच वर्षं समजत आले होते. त्या सकाळी वहिनीची श्रद्धा मला माझ्यापेक्षा कितीतरी शहाणी वाटली.

मी फुलांचे थर काढून टाकले. बायांना सांगितलं, यंदा माझ्या हातून चूक झाली. त्यांनी च्यक् च्यक् केलं, एकीनं पदराआड हसून घेतलं, आणि आरती नेहमीच्या आवाजात झाली. उघड्या काळ्या मातीला मी सकाळ-संध्याकाळ पाणी देत राहिले. कशाची वाट न बघता काम करण्यात इतकं सुख असतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी तेही एक भाषण समजून पुढं ढकललं असतं.

आठव्या माळेला सकाळी मातीवर हिरवी सुई दिसली. मला वाटलं, फुलाचा देठ असेल. वाकून पाहिलं तर तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. मी आईला हाक मारली ती अशी की आई उलथनं घेऊनच धावत आली. ती गुडघ्यावर बसली, पातं बोटावर घेतलं आणि म्हणाली, “हे गहू नोहे व. हे धान होय.”

मग चौकशी झाली. घट बसवायच्या आदल्या दिवशी पाऊस होता. आईनं मला तळ्याच्या पाळीवरची माती आणायला सांगितलं होतं. चिखलात कोण जाईल म्हणून मी गोठ्याशेजारच्या छपरीतली कोरडी माती टोपल्यात भरून आणली होती. तिथं उन्हाळ्याच्या तोंडाला धानाची पोती रचलेली होती. सांडलेलं धान त्या मातीत पडून होतं आणि माझ्या पाण्याची वाट बघत होतं. म्हणजे आधी मी कंटाळा केला, मग मी गोंधळ केला, आणि त्या दोन्हींची गाठ घालून कुणीतरी ते कोंब वर काढले. कारण समजलं, तरी माझं नवल कमी झालं नाही. छपरीत धान सांडलं तेव्हा वहिनीला दिवस राहिल्याचंसुद्धा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. यापुढं मी काही म्हणत नाही.

कोंब विरळ होते. वहिनीच्या हातच्या जवाऱ्यापुढं ते म्हणजे टक्कल पडलेल्या माणसाचे चार केस. पण हिरवेगार. मी फोटो काढून वहिनीकडे धावले. तिनं तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला, डोळे पुसले आणि म्हणाली, “धानाचं घर हाय आपलं. देवीले गहू नसन पसंत पडला.” दसऱ्याला जवारा तळ्यात शिरवताना मी एक कोंब मागं ठेवला आणि आणून तिच्या कानामागं खोचला.

दिवाळी झाल्यावर मुलगी झाली. वजनानं थोडी कमी, पण आवाजानं मुळीच नाही. वहिनीही सुखरूप. मी अजूनही चुका करते आणि त्यांची संख्या घटल्याचं घरात कुणी मान्य करत नाही. आरशासमोरचा नेम मात्र सुटला. सकाळी उठल्यावर आता मी फक्त विचारते, आज कशाला पाणी द्यायचं? उरलेलं देवीकडे. हे शहाणपण वाटतं तितकं अवघड नाही. माझ्यासारखीला जमतं म्हणजे कुणालाही जमेल.

परवा दुपारी वहिनी आणि बाळ दोघीही पडल्या होत्या. पाळण्यात ती इवलीशी मूठ गालाखाली घेऊन निजलेली पाहून माझं मन भरून आलं. हात आपोआप जोडले गेले आणि देवीची आरती ओठांवर आली. मला वाटत होतं, मी अगदी हळू म्हणते आहे. पाळणा हलला, आतून कुरकुर झाली आणि खाटेवरून वहिनीनं डोळे न उघडताच म्हटलं,

“देवीले मनातलं बी आयकू येते व बाई. तू चूप राय, पोरीले झोपू दे.”