टॉवेलाखालची माणसं

शाळेत असताना कपाटाच्या माथ्यावर अडकलेलं बॅडमिंटनचं फूल तिने खुर्चीवर न चढता काढून दिलं, आणि तेव्हापासून तिला सगळे शिडी म्हणायला लागले. पुढे आईसुद्धा तीच हाक मारू लागली. वडिलांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. आत दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच ते. शिडी आत शिरायची ती मान वाकवूनच. वडील म्हणायचे, "हिला उंची दिली देवाने, पण दार द्यायला विसरला."

फुटबॉलमध्ये ती गोलकीपर झाली ती काही हौसेने नाही. बाकीच्या मुलींना धावायचं होतं, गोल मारायचे होते. जाळीपुढे उभं राहून कोपरं सोलून घ्यायला कुणी तयार नव्हतं. "तू नुसते हात वर कर," असं म्हणून सगळ्यांनी तिला तिथे उभं केलं, आणि ती तिथेच रमली. तिच्याकडे लांब हात होते आणि वाट बघायची सवय होती. कॉलेज संपता संपता एका मोठ्या क्लबने तिला पगारावर घेतलं, पण दुसरी गोलकीपर म्हणून.

दुसऱ्या गोलकीपरचं जिणं वेगळंच असतं. सराव तोच, पडणं-झडणं तेच, बसचा प्रवास तोच, आणि सामना सुरू झाला की जाड कोट घालून बाकावर बसायचं. पहिली गोलकीपर संघाची कॅप्टनही होती. वयाने मोठी, बोलायला मोजकी, आणि आजारी न पडणारी. शिडीचे हंगामच्या हंगाम बाकावर गेले. तिची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायची, "सामना बघायला इतकी चांगली जागा तिकीट काढून मिळत नाही."

गोष्टींचं खूळ सुरू झालं ते भाचीच्या जेवणापायी. शिडीची ताई इस्पितळात नर्स होती. तिची दुपारची ड्यूटी असली की भाची आजीकडे असायची आणि घास गालात धरून बसायची. गिळायचं नाव नाही. एकदा आईने वैतागून शिडीला फोन लावला. "तूच बोल हिच्याशी. मी हात टेकले."

शिडी नुकतीच सरावाहून आली होती आणि खिडकीत ग्लव्ह्ज वाळत घालत होती. समोर तेच दिसत होते, म्हणून म्हणाली, "आज माझ्या डाव्या ग्लव्हचं अंग दुखतंय."

"का?"

"उजव्याने सगळे चेंडू त्याच्याकडे ढकलले."

"मग डाव्याने काय केलं?"

"तू गिळ, मग सांगते."

घास खाली उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. भाची मात्र भारी हिशेबी श्रोता निघाली. "काल डावा ग्लव्ह घाबरट होता. आज कसा नाही?" शिडी म्हणाली, "आज तो घाबरायचं विसरला." पलीकडून गंभीर आवाज आला, "असं कुणी विसरत नाही, मावशी."

तेव्हा कुठे शिडी विचार करून गोष्ट रचायला लागली. कोण कसं आहे ते लक्षात राहावं म्हणून ती चित्रं काढायची. बसमध्ये, हॉटेलच्या खोलीत, कधी बाकावरसुद्धा. कागद हाताशी नसला की संघाची फिजिओ तिला चिकटपट्टीच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे द्यायची. असेच एकदा पुठ्ठे उलटेपालटे करत फिजिओ म्हणाली, "माझी नणंद मुलांची पुस्तकं काढते. दाखवू तिला?"

नणंदेने ते पाहिले आणि महिन्याभराने शिडीला बोलावणं पाठवलं. डाव्या-उजव्या ग्लव्हचं छोटंसं पुस्तक निघालं. त्याने काही धुमाकूळ घातला नाही, पण लहान मुलं ते फाटेपर्यंत वाचत होती. संघात चेष्टा सुरू झाली. "माझं चित्र काढ हं, पण पाय जरा बारीक काढ." कॅप्टनने एक प्रत मागून घेतली, एवढंच.

मग एका सरावात कॅप्टनचं बोट मोडलं आणि शिडी बाकावरून उठून जाळीपुढे आली. पहिले काही सामने तिने छान सांभाळले. वर्तमानपत्रात फोटो आला. वडिलांनी तो दुकानात किल्ल्यांच्या शेजारी टांगला. हंगामाचा शेवटचा सामना मात्र जिवावरचा होता. जिंकलं तर वरच्या गटात राहायचं, हरलं तर खाली जायचं. सामना बरोबरीत चालला होता. अशात एक साधा चेंडू, ज्यात ना वेग ना वळण, जमिनीवरून घरंगळत तिच्याकडे आला. ती वाकली. चेंडू तिच्या दोन पायांमधून शांतपणे जाळीत गेला.

मैदानभर हसू फुटलं. गोलपोस्टच्या मागून कुणीतरी ओरडलं, "शिडी, आता एक गोष्ट सांग." ते सगळ्यांना आवडलं. सामना संपेपर्यंत तिच्या पाठीमागे तेच चाललं होतं.

संघ खालच्या गटात गेला. प्रशिक्षक बाई तिला रागावल्या नाहीत. "दोन तास झोप काढ," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शिडीला वाटलं. घरी आल्यावर तिने रंग, पेन्सिली आणि पुठ्ठे एका पिशवीत भरले आणि पिशवी कपाटावर टाकून दिली. तिथे आईचा हात पोचत नव्हता. भाची आता मोठी झाली होती, आपल्या हाताने जेवत होती, पण सवयीने विचारायची, "मावशी, पुढचं?" शिडी म्हणाली, "पुढचं काही नाही."

वाचनालयातला कार्यक्रम आधीच ठरलेला होता. शिडीने टाळायचा प्रयत्न केला, पण फिजिओच्या नणंदेने ऐकलं नाही. "मुलं येणारेत. त्यांना काय सांगू, गोल झाला म्हणून येत नाही?" त्यामुळे शिडी गेली. खालच्या मजल्यावरची खोली, सतरंजीवर बसलेली मुलं, भिंतीला टेकून उभे असलेले आईबाप. तिच्यासाठी ठेवलेली खुर्ची एवढीशी होती की तिचे गुडघे हनुवटीला लागत होते. तिने ग्लव्ह्जची गोष्ट खाली मान घालून वाचली. वाचून झाल्यावर पुढचे दात पडलेल्या एका मुलीने हात वर केला.

"तुमच्या पायांतून बॉल गेला ना? बाबांनी दाखवलं मला."

भिंतीपाशी एक बाबा लालबुंद झाले. ग्रंथपाल घाईघाईने पुढे आली, पण शिडीने मान हलवली. "गेला."

"कसा?"

शिडी उठली. एका मुलाने कागदाचा बोळा करून सोडला आणि तिने जसा जाऊ दिला होता तसाच तो जाऊ दिला. मुलांना ते फार आवडलं. आणखी एकदा दाखवावं लागलं.

"मग तुम्ही रडलात?"

"हो."

"कुठे?"

"बसमध्ये. डोक्यावर टॉवेल घेऊन."

मुलांनी यावर जरा विचार केला. मग मागच्या रांगेतून प्रश्न आला, "टॉवेलच्या आत काय दिसतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "सगळं पांढरं. आणि आपलेच गुडघे."

"माझे आजोबा तोंडासमोर पेपर धरतात," एक जण म्हणाला.

"आई भांडी घासताना नळ मोठा सोडते," दात पडलेली मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात दुःख वगैरे नव्हतं. घरातली एक गोष्ट सांगावी तशी तिने ती सांगितली.

शिडी घरी आली आणि कपाटावरची पिशवी खाली काढली.

नवी चित्रं ड्रेसिंग रूमची होती. एका ओळीत बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर टॉवेल, खाली दिसतात ते फक्त गुडघे आणि बूट. इतकी वर्षं बाकावर बसून तिला सगळ्यांचे गुडघे तोंडपाठ झाले होते. मधोमध कॅप्टनचे होते, डाव्यावर जुन्या टाक्यांची खूण असलेले. एकदा अंतिम सामना हरल्यावर कॅप्टन तशी बसली होती. तिला रडताना शिडीने त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नव्हतं.

ताईने चित्रं पाहिली. "ही तुमची कॅप्टन ना? तिला विचारलंस?"

"नुसते गुडघे तर आहेत."

"मी गुडघ्यांवरून ओळखली. बाकीच्यांना डोळे नाहीत?"

ताईचं म्हणणं खरं होतं. त्या खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, हे न बोलता सगळ्यांना कळलेलं असायचं. चित्रं गुंडाळून ती कॅप्टनच्या घरी गेली.

कॅप्टन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. मोडलेलं बोट पट्टीत ताठ, त्यामुळे दाणे टेबलाखाली पळत होते. तिने हात पुसले आणि एकेक चित्र पाहिलं. मधल्या चित्रापाशी थांबली.

"हे फायनलचं?"

"हो."

"मी हरले म्हणून रडत होते असं वाटलं तुला?"

"सगळ्यांनाच वाटलं."

कॅप्टनने चित्र खाली ठेवलं. "सामन्याआधी मुलीचा फोन आला होता. कुणी न धरता सायकल चालवली म्हणाली, पहिल्यांदाच. मी तिथे नव्हते. सामनाभर ते डोक्यात येऊ दिलं नाही. शिट्टी वाजली आणि आलं." एक शेंग उचलून ती म्हणाली, "हरल्याचं वाईट मला दुसऱ्या दिवशी वाटलं."

शिडीने चित्र उचललं. "मी हे पान काढून टाकते."

"काढू नकोस. पण घालायचं तर खरं घाल. आणि आधी माझ्या मुलीला विचार. सायकल तिची आहे."

मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिने चित्र पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. आई त्या दिवशी तिच्या सायकलीसाठी रडली होती, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. "चालेल," ती म्हणाली. "पण सायकल निळी काढा. लाल नको."

जाताना शिडीने टेबलाखाली वाकून सगळे दाणे गोळा करून दिले.

मग टॉवेलखाली खरं काय चालायचं ते विचारायला ती संघातल्या प्रत्येकीकडे गेली. कुणी पटकन सांगितलं, कुणी चार दिवस घेतले, एकीने साफ नाही म्हटलं आणि शिडीने तिचे गुडघे पुसून टाकले. उत्तरं तिच्या अंदाजाला धरून नव्हती. एकीची दाढ दुखत होती. एक जण टॉवेलखाली चक्क झोपत असे. एक जण तर हसत होती, कारण बाहेर हसणं शोभलं नसतं. प्रशिक्षक बाईंनी विचारलं, "यात मी कशी नाही?"

"तुम्हाला टॉवेल घेतलेलं पाहिलं नाही कधी."

"मी गाडीत बसते," बाई म्हणाल्या. "काचा वर करून." त्यांचं पान शेवटी आलं, बंद काचांच्या गाडीचं.

पुस्तकात आधी गुडघे दिसायचे आणि पान उलटलं की टॉवेलच्या आतलं. पान उलटायच्या आधी मुलं अंदाज बांधायची, आणि त्यांचा अंदाज आईबापांपेक्षा जास्त वेळा बरोबर यायचा. हे पुस्तक गाजलं. शाळांमध्ये गेलं, दवाखान्यांच्या बाहेरच्या खोल्यांमध्ये गेलं. ताईच्या वॉर्डातली प्रत इतकी हाताळली गेली की तिला फिजिओकडची चिकटपट्टी लावावी लागली.

कॅप्टनचं बोट नीट जुळलं नाही. तिने खेळणं सोडलं आणि खालच्या गटात शिडी पहिली गोलकीपर झाली. संघाला वर यायला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. जाळीमागून "गोष्ट सांग" ऐकू येतच राहिलं, कधी चिडवून, कधी लाडाने. पाठ प्रेक्षकांकडे असल्यामुळे चिडवणं कोणतं आणि लाड कोणता, हे तिला नेहमी कळायचं नाही. खांदा कुरकुरायला लागेपर्यंत ती खेळली.

सगळीच पुस्तकं चालली असं नाही. पंचाच्या शिट्टीवरचं एक सपशेल पडलं. भाचीने ते छापायच्या आधीच सांगितलं होतं, "शिट्टी सारखी एकच बोलते, मावशी."

आता शिडी सकाळी लहान मुलींना जाळीपुढे उभं राहायला शिकवते, आणि दुपारी खिडकीपाशी टेबलावर बसते. सध्या सीमारेषेवरच्या कंटाळलेल्या झेंड्याची गोष्ट चालू आहे. झेंड्याला कंटाळा का आला, ते तिला ठाऊक आहे. त्याने पुढे काय करावं, ते सुचत नाही. ताई म्हणते, "सोड ती, दुसरी धर." शिडी "बघू" म्हणते, आणि टोक केलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक करत बसते.