पिवळं जाकीट

ताट समोर आलं की लिमयेकाका आधी मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवायचे. "काय वाढलंयस? खरं सांग, गोड करून सांगू नकोस." अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या हॉटेलात मी नवा आचारी. "दुधीची भाजी, काका. कडेला जवसाची चटणी." मगच घास. हा माणूस माझी खोट शोधतोय, असं वाटायचं. खोट होतीच. शाळा सातवीत सुटलेली, आणि मालकांना सांगितलं होतं, दहावी पास, इंग्रजी वाचता येतं.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात काकांनी मालकांकडून मला तीन दिवसांसाठी मागून घेतलं. "सायकल येते ना? पानं बघायला जायचंय." रंग बदलून गळणारी पानं बघायला रिटायर्ड इंजिनिअर आचाऱ्याला कशाला नेईल? त्यात मला झगझगीत पिवळं जाकीट घालायला लावलं. नोकर कोण ते लांबून कळावं म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

"तू पुढे. पाट्या वाच, रस्ता सांग."

मालकांनीच परीक्षा घ्यायला सांगितलीय, माझी खात्री झाली. फाटा आला की मी पाटीकडे बघून मान हलवायचो आणि चार सायकली जातील तिकडे वळायचो. मधेच मागून प्रश्न यायचा, "डावीकडचं झाड कुठल्या रंगाचं?" हीही परीक्षाच.

"फोडणीत हळद करपते ना, तसं."

"आणि पलीकडचं?"

"भिजवलेली बेडगी मिरची."

काका खूश होऊन घंटी वाजवायचे.

तिसऱ्या दिवशी एका फाट्यावर कुणीच नव्हतं. मी उजवीकडे वळलो आणि आम्ही थेट एका शेतकऱ्याच्या अंगणात. म्हातारा गोरा गेटवरच्या पाटीकडे बोट दाखवून ओरडायला लागला. नोकरी गेली, म्हणत मी सायकल वळवायला लागलो.

काका उतरले. "सॉरी, माय फॉल्ट. आय कान्ट सी द साइन." एवढं इंग्रजी मला कळत होतं.

रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं, तेही मातकट. तुझं जाकीट तेवढं दिसतं. माझ्या मुलीला बोलू नकोस, सायकल विकून मला चँडलरला तिच्या घरी नेईल."

"काका, मलाही पाट्या वाचता येत नाहीत."

"म्हणजे तीन दिवस आपण अंदाजपंचे दाहोदरसे?" ते रस्त्याकडेला बसून पोट धरून हसले.

"मग मला कशाला आणलंत?"

"वाचणारे हर्नडनमध्ये ढीगभर आहेत रे. झाड दाखवलं की म्हणतात, काका, ब्यूटिफुल. तू ताटात काय आहे ते सांगतोस."

त्या हिवाळ्यात दर सोमवारी त्यांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं. मी अक्षराचा आकार सांगायचो, ते नाव सांगायचे. "उभी काठी, पोटाला भाकरी." "भाकरी वर की खाली?"

पुढे मुलीला कळलंच. चँडलरला गेल्यावर दर ऑक्टोबरात मी हॉटेलच्या मागच्या दाराशी उभा राहून त्यांना फोन करायचो. समोर मेपलचं एकच झाड. शेवटच्या वर्षी त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"काय वाढलंयस आज?"

"केशर, काका. दुधात नुकतं टाकलेलं."

"गोड करून नाही ना सांगत?"

"नाही. निम्मी पानं गळलीत."

"हां," काका म्हणाले. "आता राहिलेल्यांचं सांग."